फळ्या लावल्या असत्या तर

यान्ना कोप्पेयान गणितात हुशार निघाली, याचं तिच्या गावात कुणाला फारसं कौतुक नव्हतं. वेस्टनोल हे झेलंड प्रांतातलं खाडीकाठचं गाव. मुलीनं बीट काढावेत, बटाटे निवडावेत, रविवारी चर्चला जावं आणि वेळेत लग्न करून मोकळं व्हावं, यापलीकडे तिथं कुणाची अपेक्षा नसे. शाळेचे मास्तर एकदा मुद्दाम घरी आले आणि पोरीची बाजू मांडून गेले. ते गेल्यावर तिची आई नवऱ्याला म्हणाली, "अहो, जाऊ द्या तिला. इथं ठेवलीत तर बीटसुद्धा मोजून मोजून काढेल, आणि काम व्हायचं नाही."

तिचे वडील मारिनस यांनी पाईप झटकला आणि मान डोलावली. त्यांच्या घरात महत्त्वाचे निर्णय असेच होत.

मारिनस हे बांधावरचे माणूस. गाव बांधाच्या आत, भरतीच्या पाण्याहून खाली. धक्क्यावर गाड्या नेता याव्यात म्हणून बांधाला एका ठिकाणी वाट सोडलेली होती. उधाण मोठं असलं की त्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये ओकच्या जाड फळ्या एकावर एक सोडायच्या आणि मध्ये माती ठासायची. फळ्यांच्या खोपटाची किल्ली मारिनस यांच्याकडे असे. बांधप्रमुखांनी सांगितलं की चार गडी गोळा करायचे आणि फळ्या लावायच्या, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं ते त्यांनी बिनबोभाट केलं होतं.

यान्ना ॲमस्टरडॅमला गेली आणि एका गणितसंस्थेच्या हिशेबखोलीत लागली. जुन्या शाळेच्या इमारतीत ही संस्था होती. खोलीत मुली ओळीनं बसत. प्रत्येकीपुढे हातानं दांडा फिरवायचं एक गणनयंत्र असे. कुणी विमानाच्या पंखाचे आकडे काढी, कुणी पुलाचे. रोएलोफ्सबाई सगळ्यांवर देखरेख करत. त्या कधी ओरडत नसत. चुकलेल्या आकड्याखाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारून कागद परत ठेवत, आणि मुलींना ती रेघ ओरडण्यापेक्षा जास्त लागे.

खालच्या मजल्यावर सीब्रन हुकस्त्रा नावाचा उत्तरेकडच्या फ्रीसलंडचा एक उंच माणूस मोठं यंत्र बांधत होता. आपणहून हिशेब करणारं यंत्र. पहिलं त्यानं टेलिफोन केंद्रातल्या विजेच्या खटक्यांचं बांधलं. त्यात धूळ बसे, ते अडके, आणि अडकलं की कुठं अडकलं हे शोधण्यात आठवडा जाई. मुली त्याला 'खुडूक' म्हणत. खुडूक कोंबडीसारखं ते एका जागी बसून राही, गरम होई, कुकचुक करी, पण अंडं काही देत नसे. शेवटी सीब्रननं ते मोडलं आणि दुसरं मांडलं. या वेळी खटक्यांच्या जागी रेडिओत असतात तसे व्हॉल्व्ह, आणि आकडे लक्षात ठेवायला गरगर फिरणारा एक ड्रम. व्हॉल्व्ह त्यानं लष्कराच्या भंगारातून आणले. 'खुडूक' हे नाव मात्र नव्या यंत्रालाही चिकटलं.

यंत्राला काय करायचं ते एकेका पायरीनं लिहून द्यायला माणूस हवा होता. रोएलोफ्सबाईंनी यान्नाला खाली पाठवलं.

"सोपं आहे," सीब्रन म्हणाला. "माझा मेहुणा डोळ्यांसमोर आणा. सांगाल तेवढंच करतो. थांब म्हणाला नाहीत तर थांबत नाही."

"तुमचा मेहुणा एवढ्या भराभर हिशेब करतो?"

"छे हो. भराभर करत असता तर हे यंत्र कशाला बांधलं असतं?"

काम सोपं मुळीच नव्हतं. बेरीज कर, ती अमुक जागी ठेव, ऋण आली तर इकडे जा, नाहीतर तिकडे, असं सगळं आकड्यांत लिहायचं, मग कागदी पट्टीवर भोकं पाडायची, आणि एक भोक चुकलं तर सगळंच चुकायचं. पण यान्नाला ते जमलं आणि आवडलंही. वर्षभरात ती सीब्रनला अरेतुरे करू लागली आणि तो तिला. फ्रीसलंडची माणसं अडेलतट्टू की झेलंडची, यावर त्यांचा रोज वाद चाले.

यंत्र अजून पुरतं उभं राहिलेलं नव्हतं, तेव्हा वेस्टनोल बुडालं.

ते १९५३ साली, जानेवारीच्या अखेरीस. त्या शनिवारी वायव्येचं वादळ उठलं होतं आणि संध्याकाळी ओहोटी झालीच नाही. पाणी होतं तिथंच राहिलं. मारिनस यांनी ते पाहिलं आणि ते बांधप्रमुखांच्या घरी गेले. बांधप्रमुख लेकीकडे पलीकडच्या बेटावर गेले होते, आणि वादळात होड्या बंद. मारिनस परत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकदा कुणी न सांगता फळ्या लावल्या होत्या. पाणी काही आलं नाही, बीटनं भरलेल्या गाड्या मात्र बांधाच्या आतच अडकून पडल्या, आणि कॅफेत पुढे महिनाभर त्यांची टिंगल झाली. 'मारिनस, आज थोडं दव पडलंय, फळ्या लावताय ना?' त्यामुळे या वेळी त्यांनी वाट पाहिली. पहाटेच्या भरतीला समुद्र त्या मोकळ्या वाटेनं आत आला आणि खालच्या आळीत शिरला. यान्नाची आई त्या रात्री खालच्या आळीत बहिणीकडे होती. बहीण अंथरुणाला खिळलेली, तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं. दोघीही गेल्या.

यान्नाला बातमी रेडिओवरून कळली. तिकडे पोचायलाच तिला काही दिवस लागले. वडील तिला वरच्या एका गावातल्या शाळेत सापडले. गवताच्या गादीवर, दुसऱ्या कुणाचा तरी कोट घालून बसलेले होते. ती त्यांच्याजवळ टेकते न टेकते तोच दिना फरहागे समोर येऊन उभी राहिली. दिनाचा नवरा आणि सात वर्षांचा मुलगा पाण्यात गेले होते.

"मारिनस," ती म्हणाली, "किल्ली तुमच्याच खिशात होती ना?"

"हो," मारिनस म्हणाले.

ती निघून गेली. त्यानंतर मारिनस कामापुरतंच बोलू लागले. पाणी हटल्यावर ते गावात परतले. नॉर्वेच्या लोकांनी पूरग्रस्तांसाठी लाकडी घरं पाठवली होती, त्यातलं एक त्यांना मिळालं. बांधाच्या समितीत ते पुन्हा गेले नाहीत. कॅफेतही नाही.

दोन वर्षं अशी गेली. तोवर खुडूक अंडी देऊ लागली होती. खाड्यांची तोंडं बंद करायची मोठी योजना सरकारनं हाती घेतली होती, आणि खाडी बंद केली तर पाणी कुठं किती चढेल याचे हिशेब संस्थेकडे येत. हिशेबखोलीतल्या सगळ्या मुलींना जे काम काही आठवडे पुरलं असतं ते यंत्र एका दुपारी करी. अर्थात, त्या दुपारी ते बिघडलं नाही तर.

वसंतात मारिनस डोळे दाखवायला ॲमस्टरडॅमला आले. दवाखान्यातून यान्ना त्यांना संस्थेत घेऊन आली. रविवारचा काळा कोट घातलेले वडील टोपी हातात धरून यंत्रापुढे उभे राहिले. भिंतभर व्हॉल्व्ह लाल पेटलेले, खोलीत भट्टीसारखी ऊब.

"हिवाळ्यात चांगलं," ते म्हणाले.

"हिवाळ्यात सगळी संस्था इथंच येऊन बसते," सीब्रन म्हणाला. "उन्हाळ्यात कुणी ओळख दाखवत नाही."

मारिनस किंचित हसले. बऱ्याच दिवसांत यान्नानं ते पाहिलं नव्हतं. त्यांनी ड्रम पाहिला, पट्टीवरची भोकं बोटानं चाचपली. मग सीब्रनकडे न बघता विचारलं, "यात पुढचं पाणी घालतात म्हणे. मागचं घालता येतं का?"

"मागचं?"

"येऊन गेलेलं."

"त्याला दोन्ही सारखंच, काका. पुढचं काय नि मागचं काय, शेवटी आकडेच."

"म्हणजे समजा," मारिनस हळूहळू म्हणाले, "त्या दिवशी फळ्या लावल्या असत्या, तर काय झालं असतं, हे ते सांगेल?"

सीब्रननं यान्नाकडे पाहिलं. घरची हकीकत त्याला ठाऊक होती. यान्ना म्हणाली, "सांगेल, बाबा. पण तुम्हाला ऐकायचंय का ते?"

"विचारतोय म्हणजे ऐकायचंच असणार," ते म्हणाले आणि टोपी डोक्यावर चढवली.

जाण्याआधी ते टेबलाशी बसले. बांधातली वाट किती रुंद, फळ्या लावल्यावर उंची किती, पाणी कुठल्या घराला कधी लागलं, चर्चच्या भिंतीवर कुठवर चढलं, सगळं त्यांनी सांगितलं. सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. दोन वर्षं हा माणूस दुसरं काही बघतच नव्हता, हे यान्नाच्या लक्षात आलं.

यंत्राचा वेळ घ्यायचा तर रोएलोफ्सबाईंची परवानगी हवी होती. यान्ना वर गेली आणि काही न लपवता तिनं मागणी केली.

"घरगुती दुःखासाठी सरकारी यंत्र वापरता येत नाही," बाई म्हणाल्या.

"हो बाई. मला कल्पना आहे."

बाई थोडा वेळ पेन्सिल फिरवत बसल्या. "पण यंत्राचे पाण्याचे हिशेब खरे निघतात का, हे ताडून बघायला एक गाव हवंच आहे. पाणी खरोखर किती चढलं ते नेमकं माहीत असलेलं गाव. तुमच्याकडे ते आकडे आहेत?"

"आहेत."

"मग आधी फळ्यांशिवाय हिशेब करा. घडलं तसं. तो जुळला तरच पुढचा. जुळला नाही तर वडिलांना सांगा, यंत्राला ठाऊक नाही."

पट्टी तयार करायला यान्नाला काही आठवडे लागले. खाडीच्या तोंडाशी मोजलेलं पाणी सरकारी नोंदीत होतंच. तिथून ते खाडीतून आत कसं सरकतं, वाटेतून गावात किती वेगानं शिरतं, गावातल्या खोलगट भागात कसं साठतं, हे तिनं पायऱ्या-पायऱ्यांनी मांडलं. एका दुपारी सीब्रननं यंत्र तापवलं आणि पट्टी लावली.

सुरुवात बरी झाली. मग छापायच्या यंत्रातून येणारे आकडे अचानक वाढत सुटले.

"हे बघ," सीब्रन म्हणाला, "तुमच्या चर्चच्या मनोऱ्यावरून समुद्र वाहतोय."

"आमच्या चर्चला मनोरा नाही. छपरावर घंटा टांगलेली आहे, एवढंच."

"मग तर आणखीच वाईट."

त्यानं यंत्र थांबवलं नाही. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं तो एकेका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारत चालला. एका ठिकाणी दिवे एकदम लपलपले. "हा चोर," म्हणत त्यानं तो व्हॉल्व्ह उपटला, नवा बसवला, आणि पट्टी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

या वेळी आकडे शहाण्यासारखे आले. चर्चच्या भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं, त्याच्या वीतभर खाली यंत्राचा आकडा थांबला. रोएलोफ्सबाईंनी तो पाहिला, वरच्या मुलींकडून त्यातला एक तुकडा हातानं करवून घेतला, आणि कुठेही रेघ न मारता कागद परत दिला. "आता फळ्या लावा," त्या म्हणाल्या.

दुसरा हिशेब त्याच आठवड्यात झाला. यान्ना छापायच्या यंत्राजवळ उभी होती. पाणी चढत गेलं. वाटेतून आत येणारं पाणी मात्र शून्य, शून्य, शून्य. बऱ्याच ओळी शून्य. मग एका ओळीत शून्याच्या जागी काहीतरी आलं, पुढच्या ओळीत त्याहून जास्त, आणि मग ते थांबलं नाही.

सीब्रननं तिच्या खांद्यावरून वाचलं आणि मोठा श्वास सोडला. "सुटलीस! फळ्या लावल्या असत्या तरी पाणी त्यांच्यावरून आलंच असतं. जा, सांग त्यांना. या यंत्रानं आजवर एवढं चांगलं काम केलेलं नाही."

यान्नानं ओळी मोजल्या. "दोन तास उशिरा आलं असतं."

"बरं, मग?"

"हाक मारून उठवलं की खालच्या आळीतून बांधावर चढायला दहा मिनिटं पुरतात, सीब्रन."

सीब्रननं कागद पुन्हा एकदा वाचला. यंत्राचा पंखा घरघरत होता. मग म्हणाला, "ते कशाला सांगायचं? त्यांनी विचारलं होतं, पाणी थांबलं असतं का. नसतं थांबलं. झालं."

दारात रोएलोफ्सबाई उभ्या होत्या. "अर्धं उत्तर द्यायला यंत्र कशाला हवं?" त्या म्हणाल्या. "ते त्यांना गावातल्या कुणीही दिलं असतं." जरा थांबून, आवाज उतरवून त्यांनी पुढे जोडलं, "पण वडील तुमचे आहेत. मी सांगणार कोण."

यान्ना आगगाडीनं आणि मग होडीनं गावी गेली. वाटेत तिनं ठरवलं, सीब्रन म्हणतो तेच बरं. होडीतून उतरेपर्यंत तो निश्चय टिकून होता.

मारिनस लाकडी घरात बटाटे उकडून तिची वाट बघत होते. टेबलावर दालचिनीचे चिकट गोड पाव ठेवले होते, खास तिच्यासाठी आणलेले. तिनं कोटसुद्धा काढला नाही.

"बाबा, फळ्यांनी पाणी थांबलं नसतं. फळ्यांच्या वरून आलं असतं."

ते खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं आणि तिला ते जमलं नाही. "दोन तासांनी. दोन तास उशिरा."

"दोन तास," ते म्हणाले.

उठून ते खिडकीशी गेले. बाहेर कुणाच्या तरी दोरीवर चादरी वाळत होत्या. यान्ना कोटाच्या गुंड्यांशी चाळा करत बसली. आपण काय करून बसलो, हेच तिच्या मनात फिरत होतं.

"तुझी आई पायानं धड होती," पाठमोरे असतानाच ते म्हणाले. "मावशी नव्हती. मावशीला टाकून आली असती का ती?"

"नाही."

"नाहीच." ते वळले. "आणि फळ्या लावून मी काय केलं असतं, सांगू? घरी येऊन झोपलो असतो. फळ्या लागल्यात म्हटल्यावर सगळं गाव निवांत झोपलं असतं. वरची आळी जागी झाली ती खालच्यांच्या ओरडण्यानं. माणसं छपरांवर चढली, बांधावर पळाली. दोन तासांनी, सगळे गाढ झोपेत असताना आलं असतं तर? तेव्हा कोण कोण गेलं असतं? यंत्राला हे विचारलंस?"

"नाही, बाबा. कोण जागं नि कोण झोपलेलं, ते त्यात घालता येत नाही."

"मग त्याला कळतं तरी काय?" ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते.

"पाणी कळतं. तेवढंच."

त्यांनी मान डोलावली. "बटाटे गार होतायत," म्हणाले आणि ताटल्या मांडायला लागले.

जेवताना मात्र ते बोलले. इतकं बोलले की यान्ना बघतच राहिली. बांधाची डागडुजी पुरी झाली होती, पण धक्क्याची वाट लोकांनी पुन्हा तशीच मोकळी ठेवली होती. नव्या फळ्या आल्या होत्या, खोपटही नवं बांधलं होतं. नवे बांधप्रमुख स्वतः येऊन त्यांना किल्ली देऊ करून गेले होते. "तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, मारिनस, असं म्हणत होता. भला माणूस आहे." त्यांनी काटा खाली ठेवला. "उद्या दुपारी समितीची सभा आहे. तू चल. तुझा आकडा तिथं सांग."

"कुठला आकडा?"

"दोन्ही सांग. पाणी वरून येतं तो, आणि दोन तासांचाही."

"बाबा, दिना असेल तिथं."

"असेलच. नवऱ्यामागे जमीन तिच्या नावावर आहे."

सभा कॅफेच्या मागच्या दालनात भरली. मारिनस आत आले तशी कुजबुज थांबली. कुणीतरी खुर्ची पुढे केली. इतर विषय झाल्यावर ते उभे राहिले.

"धक्क्याची वाट बुजवा," ते म्हणाले. "फळ्या नकोत. फळ्या म्हटलं की किल्ली आली, किल्ली म्हटलं की माणूस आलं, आणि माणूस वाट बघत बसतं. मी बसलो. पुढचाही बसेल. आणि लावल्या तरी त्या पुरत नाहीत. ते माझी मुलगी सांगेल."

यान्नानं सांगितलं. यंत्राविषयी ती थोडंच बोलली. आकडे कुठून घेतले, ते कसे ताडून पाहिले आणि काय आलं, एवढंच. दोन तासांचंही तिनं सांगितलं.

"आणि बीटच्या गाड्या?" बीटचा व्यापारी लव्हेरेन्स म्हणाला. "तुमचं ते ॲमस्टरडॅमचं यंत्र गाड्या बांधावर चढवून देणार आहे का?"

काही जण हसले. दिना फरहागे मागच्या रांगेत उठून उभी राहिली तसं हसू विरलं.

"मला एवढंच सांग, यान्ना," ती म्हणाली. "दोन तास, हे खरं?"

"हिशेबानं खरं, दिनाताई."

"माझा बास सात वर्षांचा होता. दहा मिनिटांत पळत बांधावर गेला असता." मग ती मारिनसकडे वळली. "गेला असता की नाही?"

यान्नाला वाटलं, आता बाबा कालचं बोलतील. सगळं गाव झोपलेलं असतं, कोण वाचलं असतं कुणास ठाऊक, ते सगळं. ती स्वतःच बोलायला पुढे झाली. मारिनस यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती मागे सरली.

"गेला असता," मारिनस म्हणाले.

दिना उभीच होती. शेवटी बांधप्रमुखांनी घसा खाकरला आणि हात वर करायला सांगितलं. वाट बुजवावी असं म्हणणारे थोडक्या मतांनी जास्त भरले. त्यात दिनाचा हात होता. मोजणी होताच तिनं शाल आवरली आणि कुणाशी न बोलता ती निघून गेली.

घरी जाताना यान्नानं विचारलं, "तुम्ही कालचं का नाही बोललात?"

"ते माझ्यापुरतं होतं," मारिनस म्हणाले. "तिला त्याचा काय उपयोग?"

यान्ना ॲमस्टरडॅमला परतली. संस्थेत तिच्यामागे एक गोष्ट झाली होती. वेस्टनोलचा हिशेब खऱ्या पाण्याशी इतका जुळला होता, की सीब्रननं ती पट्टी रोजच्या तपासणीला लावली. सकाळी यंत्र तापलं की आधी वेस्टनोल चालवायचं. ठरलेले आकडे आले तर सगळे व्हॉल्व्ह ठीक. त्यामुळे रोज सकाळी वेस्टनोल बुडे आणि कुणीतरी "बरोबर आहे" म्हणून कागद टोपलीत टाकी. यान्नानं काही दिवस ते पाहिलं. एका सकाळी ती सीब्रनला म्हणाली, "दुसरी पट्टी कर ना."

का ते तिनं सांगितलं नाही, आणि आधी त्याला कळलंही नाही. मग कळलं तसा तो कानापर्यंत लाल झाला. "मी खरंच फ्रीसलंडचा दगड आहे," म्हणाला. त्याच दिवशी त्यानं वर्गमुळं काढणारी पट्टी बनवली. वेस्टनोलची पट्टी त्यानं गुंडाळून तिच्या हातात दिली, आणि तिनं ती रोएलोफ्सबाईंच्या कपाटात नेऊन ठेवली.

उन्हाळ्यात वाट बुजवली. खाडीची चिकट माती भरून ठोकली, तिच्यावर गवताचे ठोकळे बसवले आणि धक्क्याचा रस्ता बांधावरून चढवून पलीकडे उतरवला. चढ जरा उभाच झाला. पहिल्या हंगामातच लोक त्याला शिव्या घालू लागले. मारिनस यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते रोज फावडं घेऊन हजर असत. शरदात यान्ना सुट्टीला आली तेव्हा ते चढाच्या कडेला गवताचे सुटलेले ठोकळे पुन्हा बसवत होते.

बीटच्या गाड्या धक्क्याकडे चालल्या होत्या. त्यांत दिनाची होती. तीच लगाम धरून पुढे बसलेली. अर्ध्या चढावर घोड्याचा पाय घसरला आणि गाडी मागे सरकायला लागली. मारिनस यांनी फावडं टाकलं आणि मागून खांदा लावला. यान्ना त्यांच्यासाठी आणलेली कॉफीची किटली खाली ठेवून धावली आणि तिनंही हात लावला. घोड्यानं जोर केला, गाडी वर गेली, आणि पलीकडे धक्क्यावर उतरली.

दिनानं मागे वळून पाहिलं नाही. मागून कुणी खांदा लावला ते तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. मारिनस यांनी कोटावरचा चिखल झटकला.

"लव्हेरेन्सची गाडी यायचीय अजून," ते म्हणाले. "त्याची दुप्पट भरलेली असते. कॉफी ओत तोवर."